वळवाच्या ऐरणीपासून इंद्रवज्रापर्यंत: आगळे ढग ओळखायची आणि टिपायची रीत

आभाळात काही वेगळं दिसलं की पहिला प्रश्न येतो, "याला म्हणतात काय?" नवख्यांची गाडी इथेच अडते. नाव शोधता शोधता ढग विरून जातो. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी मूळ ढग ओळखा, मग त्याच्या अंगावर आलेला आकार पाहा. थैल्या, भोकं, लाटा, टोप्या यांतलं बहुतेक सगळं नेहमीच्या ढगांवरच उमटतं. मूळ ढग कळला की आकार कशामुळे आला, किती मिनिटं टिकेल आणि पुढे काय होईल, याचा अंदाज आपोआप येतो.

मूळ प्रकार फक्त १० आहेत. ल्यूक हॉवर्ड या इंग्रज हौशी निरीक्षकाचा निबंध १८०३ साली छापून आला. त्यातली सिरस म्हणजे पिंजलेल्या केसांसारखा, क्युम्युलस म्हणजे ढीग आणि स्ट्रॅटस म्हणजे थर ही लॅटिन नावं आजही चालतात. जागतिक हवामान संघटनेच्या ढगांच्या ॲटलासमध्ये २०१७ साली अ‍ॅस्पेरिटस, फ्लक्टस, कॅव्हम, व्हॉल्युटस अशा काही आकारांची भर पडली. त्यांतले बरेचसे या लेखात येतील.

पायरी १: हाताचं मोजमाप शिका

उपकरण लागत नाही. हात समोर सरळ ताणून धरा. करंगळीची रुंदी साधारण १ अंश, मधली तीन बोटं मिळून ५ अंश, बंद मूठ १० अंश, आणि अंगठा ते करंगळी ताणलेली वीत २० अंशांहून थोडी जास्त. लहान माणसाचा हात लहान आणि बोटंही लहान, त्यामुळे हे माप सगळ्यांना जवळपास सारखंच लागू पडतं.

पहिला उपयोग खवल्यांच्या ढगांसाठी. आभाळभर मासोळीच्या खवल्यांसारखे ठिपके पसरलेत, तर एका ठिपक्यावर करंगळी धरा. ठिपका करंगळीमागे पूर्ण लपला तर तो सिरोक्युम्युलस, म्हणजे उंचावरचा. करंगळीपेक्षा मोठा पण तीन बोटांत मावणारा असेल तर आल्टोक्युम्युलस, मधल्या थरातला. तीन बोटांनाही पुरून उरला तर स्ट्रॅटोक्युम्युलस, खालचा. ही परीक्षा क्षितिजापासून किमान तीन मुठी वरच्या ढगांवरच करा. त्याखाली ढग तिरपे दिसतात, ठिपके दबतात आणि उत्तर हमखास चुकतं.

दुसरा उपयोग अंतरासाठी. १५ किमी उंचीचा गडगडाटी ढग तुमच्यापासून १०० किमीवर असेल, तर त्याचा माथा क्षितिजापासून एका मुठीलाही थोडा कमीच दिसतो. तोच ५० किमीवर आला की जेमतेम दीड मुठीच्या वर जातो. क्षितिजावर मूठभर दिसणाऱ्या ढगाखाली दुसऱ्या जिल्ह्यात पाऊस कोसळत असतो.

पुंजक्या ढगांचा तळ किती उंच, हेही घरबसल्या काढता येतं. मोबाइलवरच्या हवामानाच्या ॲपमधून तापमान आणि दवबिंदू घ्या, वजाबाकी करा आणि १२५ ने गुणा. दुपारी तापमान ३६ आणि दवबिंदू २० असेल तर १६ गुणिले १२५, म्हणजे तळ जमिनीपासून सुमारे २००० मीटरवर. हा हिशेब दुपारच्या तापलेल्या हवेतल्या पुंजक्यांनाच लागू आहे, वरच्या थरांतल्या ढगांना नाही.

पायरी २: वळवाचा एक दिवस पूर्ण पाहा

एप्रिल-मे महिन्यांतला वळीव ही नवख्यांची सगळ्यात चांगली शाळा. एकाच दुपारी चार-पाच आगळे आकार ओळीनं येतात आणि प्रत्येकाची वेळ ठरलेली असते. मोकळं क्षितिज दिसणारी, पण चटकन पक्क्या छताखाली जाता येईल अशी जागा निवडा.

दुपारी दीड-दोनच्या सुमारास सपाट तळाचे पांढरे पुंजके दिसू लागतात. त्यांतला एखादा रुंदीपेक्षा उंचीनं वाढू लागला, त्याचा माथा फुलकोबीसारखा ठसठशीत आणि कडा धारदार दिसल्या, की त्याच्यावरून नजर हलवू नका. आता पायलियस दिसू शकतो. वाढत्या मनोऱ्याच्या डोक्यावर पातळ, गुळगुळीत, रेशमी टोपी येते. मनोरा वर जाताना वरच्या दमट थराला ढकलतो, तो थर उचलला जाऊन थंड होतो आणि त्यातल्या वाफेचे थेंब होऊन टोपी बनते. दोन-चार मिनिटांत मनोरा टोपी फोडून वर येतो किंवा टोपी त्याच्यात मिसळून जाते. बहुतेक जण ती चुकवतात, कारण ते ढगाच्या काळ्या तळाकडे पाहत बसतात. नजर माथ्यावर ठेवा. ढग जोरात वाढतोय याची ती उघड खूण आहे.

पुढची अवस्था ऐरण. मनोरा वातावरणाच्या खालच्या थराच्या छतापर्यंत पोचतो. आपल्याकडे मे महिन्यात हे छत सुमारे १६ किमीवर असतं. तिथे वर जायला वाव उरत नाही, म्हणून माथा आडवा पसरतो आणि लोहाराच्या ऐरणीसारखा दिसतो. फुलकोबीच्या धारदार कडा जाऊन तंतू दिसू लागले, म्हणजे माथ्यावरचं पाणी बर्फ झालं. इथून पुढे तो क्युम्युलोनिम्बस, गडगडाटी ढग.

मग येतो शेल्फ ढग, ॲटलासच्या भाषेत आर्कस. पावसाबरोबर ढगातून थंड, जड हवा खाली आदळते आणि जमिनीवर सगळीकडे पसरते. पुढची ऊन, दमट हवा तिच्यावरून उचलली जाते आणि उचललेल्या कडेवर ढगाची फळी तयार होते. क्षितिजावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळपट पायऱ्यापायऱ्यांची कमान पुढे सरकत येते. जवळून पाहाल तर समोरच्या कडेवर ढगाचे तुकडे खालून वर चढताना दिसतील, आणि कमानीच्या मागच्या पोटात फाटकं, ढवळलेलं, कधी हिरवट छटेचं आभाळ दिसेल. कमान डोक्यावर येण्याच्या सुमारास वारा एकदम फिरतो, पत्रे वाजू लागतात, धुळीचा लोट येतो, मातीचा वास येतो आणि हवा झटक्यात गार होते. पाऊस बहुधा त्यानंतर काही मिनिटांतच येतो. फोटो काढायचा तो कमान अजून समोर असताना. डोक्यावर आल्यावर थांबू नका.

या फळीचे "चक्रीवादळ आलं" म्हणून फोटो फिरतात. ओळख सोपी आहे. शेल्फ ढग आडवा असतो आणि आडव्या अक्षावर वळतो. नळीच्या आकाराचं वादळ उभ्या अक्षावर गरगरतं. दोन मिनिटं एकाच तुकड्याकडे पाहिलं की फरक कळतो.

शेवटचा आणि सगळ्यात देखणा मॅमेटस. पाऊस पुढे सरकला की घरात जाऊ नका, असं म्हणायचा मोह होतो, पण आधी खालचा विजेचा नियम वाचा. ऐरणीच्या खालच्या बाजूनं थैल्या लोंबतात, ओळीनं टांगलेल्या आंब्यांसारख्या गोल आणि भरीव. एकेक थैली १ ते ३ किमी रुंद असू शकते आणि साधारण १० मिनिटं टिकते. समूह मात्र त्याहून जास्त वेळ दिसतो, कारण जुन्या विरतात आणि नव्या येतात. यांच्यामुळे वादळ येतं ही समजूत चुकीची आहे. त्या बहुधा वादळाच्या कडेला किंवा मागे दिसतात. सूर्य पश्चिमेला मावळतीला आणि ढग पूर्वेकडे सरकलेला असेल, तर तिरपा प्रकाश थैल्यांच्या पोटावर पडतो आणि त्या केशरी होतात. ढग पश्चिमेलाच अडून राहिला तर त्याच थैल्या करड्या, सपाट दिसतात आणि ओळखूही येत नाहीत. म्हणून पाऊस थांबल्यावर आधी सूर्य मोकळा झालाय का ते पाहा आणि मग सूर्याकडे पाठ करा.

विजेचा नियम. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि ३ ने भागा, तेवढे किलोमीटर अंतर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला म्हणजे वीज १० किमीच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात किंवा पत्र्याचं छत असलेल्या बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. झाड, गच्चीवरची टाकी, मोकळं शेत, गडाचा माथा यांपैकी काहीही आसरा नाही. झाडाखाली तर अजिबात थांबू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं तयार केलेलं 'दामिनी' ॲप जवळ पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते मोबाइलवर असू द्या. मॅमेटस खिडकीतूनही छान दिसतो.

पायरी ३: शांत आभाळातले आकार

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून पुढे, वरच्या थरांतले पातळ ढग पाहायला मिळतात. इथे वादळाची घाई नाही, पण सवयीनं वर पाहावं लागतं.

कॅव्हम म्हणजे ढगाला पडलेलं भोक. खवल्यांच्या सलग थरात एकदम गोल किंवा लांबट खिडकी उघडते आणि तिच्या मधोमध पांढऱ्या तंतूंचा झुबका लोंबतो. कारण ऐकण्यासारखं आहे. त्या थरातले थेंब शून्याखाली कितीतरी अंश असूनही पाणीच असतात, कारण गोठायला सुरुवात करून देणारा कण त्यांना मिळालेला नसतो. विमान त्यातून जातं तेव्हा पंखांवरून जाणारी हवा प्रसरण पावून एकदम आणखी थंड होते आणि काही थेंब गोठतात. बर्फाचे कण भोवतालची वाफ ओढून वाढतात, त्यामुळे शेजारचे थेंब वाळत जातात, आणि भोक तासभरसुद्धा रुंदावत राहतं. आपल्याकडे शून्य अंशाची पातळी सुमारे ५ किमीवर असते, म्हणून यासाठी त्याहून बराच वरचा थर हवा. करंगळीच्या परीक्षेत ठिपका लपला किंवा जेमतेम बाहेर आला, तर आशा ठेवा. मधला तंतूंचा झुबका नसेल तर ती ढगांमधली साधी फट समजा.

फ्लक्टस म्हणजे किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांची ओळ. ढगाच्या वरच्या कडेवर सारख्या अंतरावर शेंडे उठतात आणि एकाच दिशेनं वळतात. खालच्या आणि वरच्या हवेचा वेग फार वेगळा असला की त्यांच्या सीमेवर अशा लाटा उठतात. आयुष्य मिनिट-दोन मिनिटं. इथे विचार करायला वेळ नाही, दिसल्या क्षणी फोटो.

अ‍ॅस्पेरिटस खालून पाहिलेल्या खवळलेल्या समुद्रासारखा दिसतो. मॅमेटसशी गल्लत होते ती अशी टाळा: मॅमेटसच्या थैल्या सुट्या मोजता येतात. अ‍ॅस्पेरिटसमध्ये सलग उंचसखल लाटा असतात, कुठून कुठे एक लाट संपली ते सांगता येत नाही.

खळं तर घरोघरी माहीत आहे. चंद्राला खळं पडलं की जुनी माणसं पावसाची बोलणी करतात. सूर्यालाही ते पडतं. सिरोस्ट्रॅटसच्या पातळ पडद्यातल्या षटकोनी बर्फकणांतून प्रकाश वळतो आणि २२ अंश त्रिज्येचं कडं दिसतं. अंगठा चंद्रावर ठेवून वीत ताणा, करंगळी कड्यावर पडली पाहिजे. कडं फक्त दोन-चार अंशांचं, चंद्राला चिकटून असेल तर ते खळं नाही. ते पाण्याच्या थेंबांमुळे पडलेलं तेजोवलय. दुसरी खूण रंगाची: खळ्यात लाल आतल्या कडेला, वलयात लाल बाहेरच्या कडेला.

सूर्याजवळच्या पातळ ढगांच्या कडांवर कधी शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे गुलाबी-हिरवे रंग खेळतात. ते पाहताना सूर्य इमारतीच्या कोपऱ्यामागे किंवा खांबामागे पूर्ण झाका. गॉगल पुरत नाही, आणि कॅमेऱ्याच्या काचेच्या खिडकीतून सूर्याच्या दिशेनं बघणं तर त्याहून घातक.

पायरी ४: सह्याद्रीत ढग खाली पाहा

पावसाळ्यानंतरच्या, वारा पडलेल्या आणि निरभ्र रात्रीनंतर दऱ्या धुक्यानं भरतात. जमीन ओली, रात्र थंड आणि हवा स्थिर, या तिन्ही गोष्टी हव्यात. रात्री आभाळात मळभ असेल तर जमीन पुरेशी थंड होत नाही आणि पहाटेची पायपीट फुकट जाते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी कड्यावर पोचा. ऊन चढलं की दोन-तीन तासांत धुकं वर उचलतं आणि तुम्हालाच गिळतं.

याच धुक्यावर इंद्रवज्र दिसतं. हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून दिसलेल्या या गोल इंद्रधनुष्याचं वर्णन ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले अधिकारी कर्नल साइक्स यांनी १८३५ साली छापलेल्या दख्खनच्या हवामानावरच्या लेखात केलं आहे. नुसत्या नशिबावर ते सोडायचं कारण नाही, कारण भूमिती पक्की आहे. सूर्य बरोबर पाठीमागे हवा, धुकं समोर आणि तुमच्याखाली हवं. पश्चिमेकडे तोंड असलेल्या कड्यावर म्हणूनच सकाळची वेळ. सूर्य क्षितिजापासून दोन मुठी वर असेल, तर समोरच्या क्षितिजाच्या दोन मुठी खाली पाहा. तिथे तुमच्या डोक्याची सावली आणि तिच्याभोवती रंगीत कडी दिसतील. प्रत्येकाला कडी स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतात. धुकं कड्यापेक्षा वर आलं किंवा कड्यामागच्या डोंगरानं ऊन अडवलं, की खेळ संपला. कड्याच्या टोकाशी झोपून पाहा, उभं राहून नको. दवानं खडक निसरडा असतो.

कड्यावर जाणं जमत नसेल तर सकाळी मुंबईहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात डावीकडची खिडकी घ्या. खाली ढग असले की विमानाच्या सावलीभोवती तीच कडी दिसतात.

पायरी ५: प्रवासात शोधायचे ढग

लेन्टिक्युलर, म्हणजे उलट्या बशीसारखा ढग, महाराष्ट्रात क्वचित. लडाखमध्ये मात्र जोराचा वारा रांगा ओलांडताना हवेत उभ्या लाटा तयार होतात आणि प्रत्येक लाटेच्या शेंड्यावर ढग बसतो. परीक्षा: ढगाची एक कड शिखराच्या टोकाशी जुळवा आणि पाच मिनिटांनी पुन्हा पाहा. आजूबाजूचे ढग पळत असताना तो जागेवरच असेल तर लेन्टिक्युलर. हवा त्याच्या आरपार जात असते. एका कडेला थेंब बनतात, दुसऱ्या कडेला विरतात.

व्हॉल्युटस म्हणजे सुटा, लाटण्यासारखा लांब ढग. शेल्फ ढग मुख्य ढगाला चिकटलेला असतो, हा कशालाच चिकटलेला नसतो. ऑस्ट्रेलियातल्या कार्पेंटारियाच्या आखातात, बर्कटाउन गावाजवळ, सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पहाटे हा येतो. तिथे त्याला मॉर्निंग ग्लोरी म्हणतात. लांबी १००० किमीपर्यंत जाऊ शकते, आणि ग्लायडर उडवणारे त्याच्या चढत्या कडेवर स्वार व्हायला तिथे जमतात.

इंग्लंड, जर्मनी किंवा स्कँडिनेव्हियात राहणाऱ्यांनी जून-जुलैमध्ये निशादीप्त ढग सोडू नयेत. ते सुमारे ८२ किमीवर असतात. सूर्य क्षितिजाखाली ६ ते १६ अंश गेला की, म्हणजे सूर्यास्तानंतर साधारण दीड-दोन तासांनी, उत्तरेकडे खाली पाहा. साधे ढग त्या वेळी काळे दिसतात, हे निळसर चांदीसारखे उजळतात. महाराष्ट्रातून ते दिसत नाहीत, त्यामुळे इथून काढलेला तसा फोटो कुणी दाखवला तर तो दुसऱ्याच कशाचा तरी समजा.

पायरी ६: फोटो आणि नोंद

मोबाइलवर ढगाच्या सगळ्यात उजळ भागावर बोट टेकवा, बोट दाबून फोकस आणि प्रकाश कुलूपबंद करा, मग प्रकाश थोडा खाली ओढा. नवख्यांचे बहुतेक फोटो पांढरेफटक येतात, कारण मोबाइल काळी जमीन उजळायला जातो. कॅमेरा असेल तर आयएसओ १००, एफ ८ आणि प्रकाश अर्धा ते एक स्टॉप कमी. झूम टाळा. चौकटीत खाली जमिनीची, झाडाची किंवा इमारतीची पट्टी ठेवा. तिच्याशिवाय आकार किती मोठा होता हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

टाइमलॅप्ससाठी शेल्फ ढगाला दर १-२ सेकंदांनी एक फोटो, धुक्याला आणि उंच थरांना दर ५-१० सेकंदांनी. दर ४ सेकंदांनी घेतलेत तर २५ फ्रेमच्या दराने १० सेकंदांच्या व्हिडिओला २५० फोटो लागतात, म्हणजे जवळजवळ १७ मिनिटं. मोबाइल विटेला टेकवून ठेवलात तरी चालेल, पण वाऱ्यानं हलू देऊ नका.

नोंद त्याच दिवशी करा. भारतीय हवामान विभागाची त्या वेळची उपग्रहाची आणि रडारची चित्रं लगेच पाहून जपून ठेवा, नंतर ती सहज मिळत नाहीत. नोंदीचा नमुना असा: "१४ मे, १७:४०. दिशा पूर्व, उंची ३ ते ५ मुठी. मूळ ढग क्युम्युलोनिम्बस, ऐरणीखाली मॅमेटस, एक थैली अंदाजे ३ बोटं. १७:२० ला पाऊस थांबला, शेवटचा गडगडाट १७:०५. पश्चिमेला सूर्य मोकळा. १७:५८ ला थैल्या विरल्या, ऐरण राहिली." नाव नक्की ठरत नसेल तर रकाना मोकळा ठेवा, पण वेळ, दिशा आणि मूळ ढग लिहिल्याशिवाय वही मिटू नका.